विडंबन आणि विटंबना

सातारच्या शनिवार पेठेतील एका जुन्या घरात दिवेलागणीनंतर रोज एक छोटासा खेळ रंगत असे. सहावीत शिकणारा नातू आजोबांचा चष्मा नाकावर चढवी, वर्तमानपत्र उलटे धरी आणि घसा खाकरून बातम्या वाचू लागे. कधी तो शेजारच्या वकिलांसारखा हातवारे करून बोले, तर कधी कीर्तनकारबुवांसारखा एक पाय पुढे टाकून ताल धरी. घरातील सारी मंडळी हसून हसून बेजार होत. आजोबा तर डोळे पुशीत म्हणत, "अरे, पुरे कर आता!" आणि त्यांचे हे "पुरे" म्हणजे "आणखी होऊ दे" असेच असे.

एके सायंकाळी त्याने दूधवाल्या काकांची नक्कल केली. काका बोलताना अडखळत. एखादा शब्द त्यांच्या ओठांशी येऊन थबके आणि पुष्कळ खटपट केल्यावर बाहेर पडे. मुलाने ते हुबेहूब करून दाखविले. धाकटी भावंडे हसली. परंतु आजोबा हसले नाहीत. त्यांची दृष्टी दाराकडे लागली होती. दाराशी दूधवाले काका उभे होते. सकाळचे राहिलेले पैसे न्यावयास ते आले होते. ते काही बोलले नाहीत. पैसे न घेताच ते परत फिरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी नेहमीप्रमाणे दूध मापून घातले. रोज ते मुलाला हाक मारीत. त्या दिवशी मारली नाही.

"आजोबा," मुलाने खालच्या मानेने विचारले, "वकिलांची नक्कल केली तेव्हा तुम्ही हसलात. स्वतः वकीलही हसले होते. मग काकांनाच का राग यावा?"

"राग नाही आला त्यांना," आजोबा म्हणाले. "राग आला असता तर बरे झाले असते."

मग त्यांनी फळीवरचा शब्दकोश काढावयास सांगितले आणि दोन शब्द शोधावयास लावले : एक 'विडंबन', दुसरा 'विटंबना'.

हे दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. संस्कृतातील 'विडम्ब्' या धातूचा अर्थ अनुकरण करणे, तसाच थट्टा करणे असाही आहे. त्यापासून 'विडंबन' आणि 'विडंबना' हे शब्द झाले, आणि 'विडंबना' या शब्दातील 'ड'चा 'ट' होऊन मराठीत 'विटंबना' आली. जन्म एका घरी झाला तरी दोघींचे संसार मात्र वेगळे झाले. आज विडंबन म्हणजे एखाद्या लेखनाचे, गाण्याचे किंवा बोलण्याच्या पद्धतीचे विनोदी अनुकरण; आणि विटंबना म्हणजे एखाद्याची केलेली मानहानी. मराठी भाषेने हा भेद आपण होऊन केला, हे तिच्या शहाणपणाचेच लक्षण म्हटले पाहिजे.

वकिलांचे हातवारे ही त्यांनी स्वतः जोपासलेली, मनात आणल्यास टाकून देता येण्यासारखी लकब होती. काकांचे अडखळणे हे त्यांनी निवडलेले नव्हते. त्याच्याशी तर ते जन्मभर झगडत आले होते. एकाच्या नकलेत त्याच्या पद्धतीला हसणे होते, दुसऱ्याच्या नकलेत त्याच्या दुःखाला.

परंतु नक्कल आणि विडंबन यांतही थोडे अंतर आहे. नक्कल माणसाच्या आवाजाची व चालण्याबोलण्याची होते. साहित्यातील विडंबन शब्दांचे, वाक्यांचे, वृत्तांचे, कल्पनांचे होते. ते कसे, हे दाखविण्यासाठी आजोबांनी त्याच दुपारी घरात घडलेला एक प्रसंग जुन्या बखरीच्या भाषेत सांगितला :

"तेसमयी घरात सामसूम जाणोन मांजरीने माजघराहून कूच केले. हेर पाठवावा, तर हेर कोठून आणावा? सबब खाशीनेच कान टवकारोन मुलूख न्याहाळिला. फळीवर दुधाचे पातेले, पातेल्यावर ताटाची तटबंदी, तटावर वरवंट्याची चौकी. ऐसा बळकट कोट हाती येणे म्हणजे कठीण प्रसंग! परंतु मांजर जातीची शिपाई. धीर न सोडिता एका उडीत फळी सर केली. वरवंटा कोसळला. मोठा धडाका जाहला. आजी लाटणे घेऊन चालून आली. दोन घटका रणकंदन माजले. अखेरीस सायेची लूट करून, मिशा पुशीत, मांजर खिडकीवाटे पसार जाहली. आजीचे हाती रिकामे पातेले मात्र आले."

यात हसू कशाचे येते? मांजराने साय खाल्ली, एवढेच सांगितले असते तर कोणीही हसले नसते. एखादी खरी बखर वाचतानाही आपण हसत नाही. उलट अंगावर काटा उभा राहतो. हसू येते ते किल्ला सर करण्याची भाषा दुधाच्या पातेल्यासाठी वापरल्यामुळे. अंगरखा राजाचा आणि तो घातला आहे मांजराने! 'जाणोन', 'जाहला' ही क्रियापदे, 'कूच', 'सबब', 'चौकी' हे शब्द, छोटी छोटी धावती वाक्ये, हे सारे बखरीचे. विषय मात्र स्वयंपाकघरातला. जेवढे अनुकरण बिनचूक, तेवढा विनोद अधिक खुलतो. तेव्हा ज्याने एकही बखर मन लावून वाचली नाही, त्याला बखरीचे विडंबन साधणार नाही. आणि ज्याला बखर ठाऊकच नाही, त्याला ते वाचून हसूही येणार नाही.

ही कला फार जुनी आहे. आपल्याकडे भरतमुनींनी नाट्यशास्त्रात रसांचा विचार करताना शृंगाराच्या अनुकृतीतून हास्य निर्माण होते, असे सांगितले आहे. प्रेमिकाचे उसासे खरे असतील तर तो शृंगार; त्याच उशाशांची कोणी नक्कल केली की तेथे हास्य आले.

ग्रीक लोकांत अशा रचनेला 'पॅरोडिया' म्हणत. इंग्रजीतील 'पॅरोडी' हा शब्द त्यावरून आला. एका गीताच्या शेजारी किंवा त्याच्या विरुद्ध उभे केलेले दुसरे गीत, असा त्याचा अर्थ. थासोस बेटावरील हेगेमॉन हा विडंबने रचणारा पहिला कवी होय, असे ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात नमूद केले आहे. या हेगेमॉनविषयी एक कथा जुन्या ग्रीक ग्रंथात आहे. इसवी सनापूर्वी ४१३ मध्ये सिसिलीच्या स्वारीत अथेन्सच्या सैन्याचा संपूर्ण नाश झाला. ती बातमी अथेन्सला येऊन थडकली तेव्हा नाट्यगृहात हेगेमॉनचे विडंबन चालू होते. बहुतेक प्रत्येक प्रेक्षकाच्या घरचे कोणी ना कोणी त्या युद्धात मारले गेले होते. तरीही लोक उठून गेले नाहीत. आपले अश्रू झाकून घेत ते जागच्या जागी बसून राहिले, असे ती कथा सांगते. हसविणाऱ्या कवीसमोर रडणारे हे प्रेक्षक डोळ्यांपुढे आणले की मन विचारात पडते.

ग्रीकांचेच 'बेडूक आणि उंदीर यांचे युद्ध' हे काव्य मुलांना फार आवडण्यासारखे आहे. एक बेडूकराजा एका उंदराला पाठीवर बसवून तळ्याची सफर घडवितो. मध्येच पाणसाप दिसताच बेडूक भिऊन बुडी मारतो आणि बिचारा उंदीर बुडून मरतो. त्यावरून दोन्ही जातींत घनघोर युद्ध जुंपते. होमर कवीने ट्रॉयच्या युद्धाचे वर्णन ज्या थाटात केले आहे त्याच थाटात हे सारे वर्णिले आहे. वीरांची नावेसुद्धा 'तुकडेचोर', 'गालफुग्या' अशा अर्थाची! अखेरीस देवांनी खेकड्यांची फौज धाडली तेव्हा हे युद्ध थांबले. हे काव्य होमरनेच रचले, असे एके काळी लोक समजत. विद्वान आता तसे मानीत नाहीत. पण त्याच्यावर ते खपून गेले, हीच ते रचणाऱ्याच्या कौशल्याची पावती.

महाराष्ट्रात या हास्याचे एक ठाणे कृष्णाकाठीच सापडते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली येथे विष्णुदास भावे यांनी संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' हे नाटक केले. मराठी रंगभूमीचा आरंभ त्या दिवसापासून मानतात. त्या नाटकांच्या प्रारंभी सूत्रधार गंभीरपणे मंगलाचरण म्हणे. ते संपते न संपते तोच अंगाला झाडाचा पाला बांधलेला विदूषक नाचत येई आणि सूत्रधाराच्या भारदस्त प्रश्नांना वाकडीतिकडी उत्तरे देई. त्यानंतर गणपती आणि मोरावर बसलेली सरस्वती येत. म्हणजे देवांच्या आधी रंगभूमीवर मान मिळे तो हसविणाऱ्याला! याच नाटकांत राक्षस 'अलल डुर्र' अशी आरोळी ठोकून प्रवेश करीत. आरंभीच्या प्रेक्षकांना ती ऐकून धडकी भरे. पुढे रुची बदलली, आणि 'अललडुर्र नाटके' हे शब्द लोक थट्टेने वापरू लागले. भीतीचे हसू होण्यास पुष्कळदा थोडा काळच लागतो.

तमाशातील गवळणीत श्रीकृष्णाचा सवंगडी पेंद्या आणि फटकळ मावशी हेच काम करतात. ज्यांच्या लावण्या-गवळणी महाराष्ट्रभर गाजल्या ते पठ्ठे बापूराव आजच्या सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्षचे. एकनाथांच्या भारुडांत मात्र उलटा प्रकार दिसतो. नाथ जोशी, गोंधळी, वाघ्या यांची बोली उचलतात आणि तिच्यातून मोठा आध्यात्मिक अर्थ सांगतात. विडंबन मोठ्या भांड्यात लहान वस्तू ठेवते. भारूड लहान भांड्यात मोठी वस्तू ठेवते. म्हणून भारुडाला विडंबन म्हणणे बरोबर नाही, जरी दोन्हीकडे सोंग असले तरी.

मराठीत विडंबनाला स्वतंत्र काव्यप्रकाराची प्रतिष्ठा मिळाली ती १९२५ साली. त्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

१९२३ साली पुण्यात काही तरुण कवी व लेखक एकत्र आले आणि त्यांनी रविकिरण मंडळ स्थापन केले. त्यांतील तिघांची नावे घरोघर पोचली : माधव जूलियन, गिरीश आणि यशवंत. यांपैकी दोघे सातारा-सांगलीच्या मातीतले. गिरीश म्हणजे शंकर केशव कानेटकर. त्यांचा जन्म १८९३ साली साताऱ्यास झाला आणि पुढे सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. यशवंत म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर. समर्थ रामदासांनी जेथे राममंदिर उभारले त्या चाफळ गावी ते १८९९ साली जन्मले. त्यांचे बालपणीचे शिक्षण सांगलीस झाले आणि तेथेच कवी साधुदास यांच्यापासून त्यांना कवितेचे धडे मिळाले. त्यांची 'आई' ही कविता पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी पाठ म्हटली आहे.

या कवींनी एक नवी गोष्ट केली. कविता पुस्तकात मिटून न ठेवता ती सभांतून चालीवर म्हणून दाखविण्याचा प्रघात त्यांनी रूढ केला. त्यामुळे ज्यांनी कधी काव्यसंग्रह हाती धरला नव्हता, त्यांच्या ओठांवरही या कविता व त्यांच्या चाली खेळू लागल्या. पण कोणतीही चाल फार लोकप्रिय झाली की तिचे अनुकरण करणारेही फार होतात. प्रेमभंग, अश्रू, उसासे, फुले आणि चांदणे यांचा मासिकांतून पूर लोटला. माधव जूलियन फारसीचे मोठे अभ्यासक होते. त्यांच्या कवितेत फारसी शब्द शोभून दिसत. ज्यांना फारसीचा गंधही नव्हता, तेही आता तसले शब्द पेरू लागले.

त्या सुमारास पुण्यात प्रल्हाद केशव अत्रे नावाचे एक तरुण शिक्षक होते. सासवडजवळच्या कोडीत गावी १८९८ साली जन्मलेले हे गृहस्थ राम गणेश गडकऱ्यांना गुरू मानीत. त्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुलें' हा विडंबनकवितांचा संग्रह प्रसिद्ध केला. नावापासूनच गंमत सुरू होते. कवितेत गुलाब, मोगरा, प्राजक्त यांचीच मिरासदारी. झेंडू बिचारा दसऱ्याला दारावर चढावयाचा. अत्र्यांनी तोच काव्याच्या बागेत आणून लावला. त्यांनी टोपणनाव घेतले 'केशवकुमार'. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक कृष्णाजी केशव दामले यांचे टोपणनाव 'केशवसुत', म्हणजे केशवाचा मुलगा. अत्र्यांच्याही वडिलांचे नाव केशव! तेव्हा त्यांनी अगदी खरे तेच नाव घेतले, आणि तरीही ते वाचून हसू यावे, अशी ही युक्ती.

या संग्रहातील 'परिटास' या कवितेत दूर गेलेल्या प्रिय व्यक्तीला घालावी तशी आर्त साद घातली आहे; परंतु ती कपडे घेऊन गेलेल्या परिटाला! 'प्रेमाचा गुलकंद' या कवितेत एक प्रेमवीर आपल्या आवडत्या मुलीला रोज गुलाबाचे फूल देतो. त्याला वाटते, फुलांतून आपले हृदय तिला कळत असेल. ती मात्र त्या साऱ्या फुलांचा गुलकंद घालते. येथे कोणा कवीच्या रूपाला, गरिबीला किंवा व्यंगाला हसलेले नाही. हसले आहे ते गुलाबाच्या अतिवापराला.

ज्यांच्या काव्यपद्धतीची अशी चेष्टा झाली, त्यांचे पुढे काय झाले? यशवंतांचा 'यशोधन' १९२९ साली आणि गिरीशांचा 'कांचनगंगा' १९३० साली प्रसिद्ध झाला. १९४० साली यशवंत बडोद्याचे राजकवी झाले. माधव जूलियन तर पुढे भाषाशुद्धीचे कडवे पुरस्कर्ते बनले आणि परके शब्द टाळण्याचा आग्रह धरू लागले. हे विडंबनाच्या माराने घडले असे मात्र समजू नये. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीचा तो काळ होता. थोडक्यात, झेंडूमुळे गुलाब सुकला नाही. गळून पडली ती नकली कागदी फुले, आणि त्यांचे कोणाला फारसे दुःख झाले नाही.

स्वतः केशवकुमारांचे हृदयही काही कोरडे नव्हते. 'आजीचे घड्याळ' ही आजीविषयीची हळुवार कविता त्यांचीच. कोंबड्याच्या आरवण्यावरून, उन्हाच्या सरकण्यावरून वेळ ओळखणारी ती आजी ज्याने एवढ्या मायेने रंगविली, त्याला इतरांच्या कवितेतील खरे अश्रू आणि खोटे अश्रू यांतील फरक कळत होता, यात नवल ते काय! ज्याला संगीताचे अंग नाही, त्याला बेसूर कोठे लागला हे तरी कसे समजणार?

विडंबनाची एक अडचण आहे. त्याचे आयुष्य बहुधा मूळ रचनेच्या आयुष्याला बांधलेले असते. 'झेंडूची फुलें' वाचताना आजच्या वाचकाला ठिकठिकाणी थांबून विचारावे लागते, की येथे कोणत्या कवितेची नक्कल आहे? मूळ कविता विसरली गेली की नकलेतील अर्धी गंमत हरवते. याला मोठा अपवाद म्हणजे स्पॅनिश लेखक सर्व्हान्टीस याचा 'डॉन क्विक्झोट'. शूर सरदारांच्या भाकड कथा वाचून वेडावलेला एक वृद्ध गृहस्थ पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांच्यावर चाल करून जातो, अशी ती कादंबरी. तिचा पहिला भाग १६०५ साली व दुसरा १६१५ साली निघाला. ज्या कथांचे ते विडंबन होते त्या आज फारसे कोणी वाचीत नाही. परंतु तो वेडा म्हातारा मात्र जगभर जिवंत आहे. कारण लेखक त्याला हसता हसता त्याच्यावर प्रेम करू लागला होता.

सातारच्या त्या घरातील मुलाने हे सारे ऐकले. तो दोन दिवस नेहमीपेक्षा गप्प होता. तिसऱ्या दिवशी पहाटे काकांची घंटा वाजताच तो स्वतः पातेले घेऊन दारात गेला. "काका, माझे चुकले," एवढेच तो म्हणाला, आणि तेही त्याला धड बोलता आले नाही. शब्द घशातच अडकला. काकांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि पातेल्यात मापाच्या वर थोडे दूध ओतले.

पुढच्या रविवारी मुलाने एक कागद आणला. आजोबा सांगलीच्या आपल्या धाकट्या भावाला दर पंधरवड्यास पत्र लिहीत आणि ते आधी मोठ्याने वाचून दाखवीत. मुलाने तसेच एक पत्र रचले होते. घरची मंडळी जमली. दूधवाले काकाही हिशेबाची वही घेऊन उंबऱ्याशी बसले होते. मुलगा वाचू लागला :

"चिरंजीव बंधूस अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, कारण तसे लहानच आहे. परंतु लहान कारणे पुढे मोठी होतात, हे तू जाणतोसच. सांगावयाचे तात्पर्य असे की, आपल्या वडिलांच्या वेळी पाऊस वेळेवर पडत असे. तात्पर्य सांगावयाचे ते असे की, त्या काळच्या छत्र्याही मजबूत असत. छत्रीचा विषय निघालाच आहे म्हणून तात्पर्याने सांगतो की, मनुष्याने विसराळू असू नये. या विषयावर मागील चार पत्रांत मी लिहिलेच आहे. आता कागद संपत आला. तात्पर्य काय, ते पुढील पत्री कळवीन. ता. क. माझी छत्री तुझ्याकडे राहिली आहे."

घर हास्याने भरून गेले. उंबऱ्यावरच्या काकांच्या हातून वही खाली पडली. "अण्णा," ते अडखळत, हसत म्हणाले, "हे... हे तर अगदी तुम्हीच!"

आजोबांनी कागद हाती घेतला, चष्मा पुसला आणि पत्र पुन्हा एकदा मनाशी वाचले.

"काय रे," ते म्हणाले, "मी खरोखरच इतक्या वेळा 'तात्पर्य' म्हणतो?"